आकाशाची वही आणि खळमामा

जन्ममृत्यूच्या नोंदी ज्या कचेरीत जतन केल्या जातात, तिच्या तळघरात एक गृहस्थ एकेचाळीस वर्षे वह्या शिवीत असत. तळघराला खिडकी एकच, तीही रस्त्याच्या पातळीला. तिच्यातून जाणारी-येणारी माणसे दिसत नसत, त्यांची पावले तेवढी दिसत. "पावलांवरून मी माणूस बरोबर ओळखतो," ते म्हणत, "तोंड बघितलं की चुकतो."

कचेरीत त्यांना सगळे खळमामा म्हणत. गव्हाच्या पिठाची पातळ खळ ते रोज सकाळी एका लहानशा शेगडीवर शिजवीत, किडीने पाने खाऊ नयेत म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालीत आणि एका बाजूनेच ढवळीत. कचेरीने कारखान्यात तयार झालेला, एकदा लागला की जन्मात न सुटणारा पांढरा गोंद अनेकदा पुरवला. मामांनी त्याचे डबे एकावर एक रचून त्यांवर आपली पिशवी ठेवायची सोय केली. त्यांच्या वस्तादांनी त्यांना पहिल्याच दिवशी बजावले होते, "सुटणार नाही असं काही चिकटवू नकोस. पुढे कुणाला तरी सोडवावं लागतं." वस्ताद जाऊन कित्येक वर्षे लोटली होती, त्यांचा हा शब्द मात्र रोज सकाळी शेगडीवर शिजत होता.

त्याच वस्तादांची दुसरी एक शिस्त होती आणि ही कथा तिच्यावरच उभी आहे. नोंदवही शिवायला घेतली की ती उलटी ठेवायची. अक्षरे डोक्यावर उभी, पायाकडची बाजू आपल्यासमोर. शिवणाऱ्याने वाचायचे नाही. कोण कोणाच्या पोटी जन्मले, कोण कधी गेले, हे ज्याचे त्याला आणि लिहिणाऱ्याला ठाऊक. आपण दोरा घालणारे. एखाद्याच्या घरात भिंत सारवायला गेलो म्हणून त्याची पेटी उघडून पाहायची नसते. मामांनी हा नेम इतक्या निष्ठेने पाळला की एकेचाळीस वर्षांत हजारो माणसांचे जन्म त्यांच्या हातांखालून गेले आणि त्यांतला एकही त्यांनी वाचला नाही.

या नेमामागे वस्तादांची एक श्रद्धा होती, ती मामांनी खळीसारखीच जशीच्या तशी घेतली. ती अशी, की प्रत्येक जीवाची खरी नोंद आकाशात होते. आकाश म्हणजे पोकळी नव्हे. आपल्या प्राचीन विचारवंतांनी शब्द हा आकाशाचा गुण मानला; आणि गुण जर द्रव्याला सोडून जात नसेल, तर एकदा उमटलेला शब्द जाईल कुठे? जन्मलेल्या बालकाचा पहिला टाहो, मरणाऱ्याचा अखेरचा उच्छ्वास, कोणी कोणाला एकान्तात बोललेले दोन बरे शब्द, सारे तेथे आहे, अक्षर आहे, म्हणजे न झिजणारे आहे. कचेरीतल्या वह्या ही त्या महान लेखाची पाण्यात पडलेली छाया. छायेत डोकावून कोणी चेहरा पाहू नये, असे वस्तादांना वाटे. मी स्वतः या श्रद्धेकडे आयुष्यभर आदराने पाहत आलो आहे. पण ती अंगावर घेऊन जगणारा माणूस मला मामांच्या रूपाने भेटला. माझे एक जीर्ण पुस्तक शिवता शिवता त्यांनी पुढील हकिकत मला सांगितली.

मामांच्या घरी या श्रद्धेची टिंगल होई, पण प्रेमाने. त्यांच्या पत्नी रुग्णालयात दूरध्वनी जोडून देण्याचे काम करून निवृत्त झाल्या होत्या, आणि कोणाचाही शब्द मध्येच तोडण्याची कला तेथूनच घेऊन आल्या होत्या.

"अहो, त्या वरच्या वहीला खळ कोण लावतं?" त्या विचारीत.

"तिला लागत नाही."

"मग तुम्ही वर गेल्यावर करणार काय? रिकामे बसलात तर माझं डोकं खाल. त्यापेक्षा त्या कचेरीचा नंबर द्या, मी आत्ताच बोलून काहीतरी काम लावून ठेवते."

मामा हसत आणि ताटातले मुकाट्याने संपवीत.

मामांच्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कचेरीच्या छतावरच्या टाकीचा नळ फुटला होता. त्या वेळी वह्या वरच्याच मजल्यावर असत. दोन दिवसांची सुट्टी. तिसऱ्या दिवशी दार उघडले तर कपाटांतून पाणी ठिबकत होते. साहेबांनी कपाळाला हात लावला. मामांनी बाह्या सरसावल्या. खोलीभर दोऱ्या बांधून, वह्या उसवून, पाने एकेक करून वाळत घातली. मऊ पडलेल्या पानांना पातळ खळीचा हात दिला, दाबयंत्रात घालून सपाट केली, पुन्हा शिवली. चार महिने लागले. मृत्यूंच्या नोंदींची एक वही मात्र अगदी लगदा होऊन गेली. बाकी साऱ्या वाचल्या. वाचलेल्या एका जन्मवहीत तेव्हाच्या कारकुनाने लाल पेन्सिलीने शेरा मारला होता: "क्रमांक २११ ते २२२, एक पान, पाण्यात गहाळ." एवढ्या संकटात एक पान गेले, हे कोणालाच फार वाटले नाही. मामांना शाबासकीचे पत्र मिळाले. ते त्यांनी चौकटीत बसवले नाही. पण पत्नीने त्याची घडी कपाटातल्या साड्यांखाली कोठे ठेवली आहे, हे त्यांना पाठ होते.

आणि मग निवृत्तीला पाच महिने उरले असता, खिडकीबाहेर ओळखीच्या नसलेल्या पावलांच्या दोन जोड्या थांबल्या. एक जोडी कापडी बुटांतली, सावकाश. दुसरी तिच्याबरोबर नाइलाजाने सावकाश.

वरच्या मजल्यावर नोंदी लिहिणाऱ्या नोंदणीबाईंनी पाठवलेल्या त्या दोघी मायलेकी होत्या. आई पंचाहत्तरीची. कोटांच्या कारखान्यात तिने तीस वर्षे बटणांची काजे केली होती, म्हणून वस्तीत तिला काजेवाल्या आजी म्हणत. त्या बारीक टाक्यांनी म्हणा की वयाने म्हणा, डोळे उतरत चालले होते. वैद्यांनी सांगितले होते की उन्हाळा संपेपर्यंत दिसेल तेवढे दिसेल. बरोबरची लेक बावन्न वर्षांची, एका शाळेत भूगोल शिकवणारी.

"पाण्यातून वह्या काढल्या ते तुम्हीच ना?" आजींनी विचारले.

"मीच."

"मग माझी एक पोरगी त्यात राहिली. ती शोधून द्या."

लेकीने मामांकडे क्षमा मागितल्यासारखे पाहिले. "काका, तुम्ही मनावर घेऊ नका. आईला वाटतं मला जुळी बहीण होती. बाबांनी कधी सांगितलं नाही. आत्या तर शपथेवर सांगायची, एकच झाली होती. आईला तेव्हा आठ दिवस ताप होता, भ्रमात होती ती."

"तुझी आत्या दारात उभी होती, खाटेवर मी होते," आजी म्हणाल्या. "अकरा तास होती ती माझ्याजवळ. डाव्या कानाची पाळी दुमडलेली. भ्रमात कुणाला कानाची पाळी दिसते का गं?"

हकिकत थोडक्यात अशी होती. बाळंतपण घरीच झाले. सुईण आता हयात नव्हती. धाकटी अकरा तासांनी गेली. वडिलांनी दोघींची नावे कचेरीत घातली आणि घरी येऊन त्या विषयावर जे तोंड मिटले ते मरेपर्यंत उघडले नाही. ते गेल्यावर आजींनी तीनदा कचेरीत चौकशी केली. थोरलीची नोंद होती, क्रमांक २१०. पुढचे पान गहाळ.

"पुरावा कशाला हवाय तुम्हाला?" मामांनी हळूच विचारले. "काही हक्काचं वगैरे?"

"हक्काचं कसलं आलंय! हिला वाटतं, आईनं जन्मभर एक भास कुरवाळला. माझे डोळे जायच्या आत एकदा तिचं नाव बघायचंय आणि हिला दाखवायचंय. बस."

मामांनी मग त्यांच्याजवळ जे सर्वांत मोलाचे होते ते पुढे ठेवले. ते म्हणाले, "आजी, जन्मलेला एकही जीव बिननोंदीचा राहत नाही. तुमची लेक आकाशाच्या वहीत आहे. तिथलं पान पाण्यानं भिजत नाही."

आजींनी त्यांच्याकडे, म्हणजे त्यांच्या आवाजाच्या दिशेने, पाहिले.

"असेल. मी कुठे नाही म्हणते? मीही रोज वर बघून तिच्याशी बोलते. पण मामा, वरचं मला वर गेल्यावर दिसेल. या बाईसाहेबांना कधी दिसायचं? त्यांना तर नकाशात असेल तेवढंच खरं वाटतं."

"आई!" लेक म्हणाली.

"काय आई? बावन्न वर्षं मला खोटी ठरवलीस, एक टोमणा सोस की."

त्या गेल्या. मामांनी पुढ्यातली वही शिवायला घेतली. पण दोरा दोनदा तुटला. श्रद्धा हे मोठे औषध आहे. परंतु ते ज्याचे दुखते त्याने घ्यायचे, की ज्याने दुखवले त्याने, असा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. आपण आकाशाचा हवाला देतो आहोत तो श्रद्धेने, की हातून गेलेले ते पान झाकायला?

दुपारच्या जेवणाला ते घरी जात. त्या दिवशी ताट पुढे येताच त्यांनी मायलेकींची हकिकत सांगितली. पत्नीने सगळे ऐकून घेतले आणि या वेळी मध्ये तोडले नाही, यावरूनच प्रकरण गंभीर आहे हे कळत होते.

"ती वही तुम्ही पाहिलीत?" तिने शेवटी विचारले.

"मीच तर शिवली."

"शिवली ठाऊक आहे. वाचलीत का?"

"वाचायची नसते."

"मग तुम्हाला काय ठाऊक, पान गेलं की आहे? लाल पेन्सिलवाल्यानं लिहिलं आणि तुम्ही मानलं! अहो, लाइन लागत नाही म्हणून माणूस घरात नाही असं होत नसतं. आम्ही निदान दोनदा वाजवून तरी बघायचो."

दुसऱ्या दिवशी सकाळी, खळ शिजवण्याच्याही आधी, मामा वर गेले आणि नोंदणीबाईंकडे ती वही मागितली. बाई तरुण होत्या, कामसू होत्या. त्यांनी विचारले, "मामा, उसवली का कुठे?"

"नाही. वाचायची आहे."

बाईंनी चष्म्यावरून पाहिले. "तब्येत बरी आहे ना?"

तळघरात येऊन त्यांनी वही टेबलावर ठेवली. हात सवयीने तिला उलटी करू लागले. त्यांनी मनातल्या मनात वस्तादांची क्षमा मागितली आणि एकेचाळीस वर्षांत प्रथमच एक नोंदवही सुलटी उघडली.

प्रत्येक पृष्ठावर सहा नोंदी. पृष्ठांना आकडे नव्हते, नोंदींना होते. उजव्या हाताच्या पृष्ठावर २०५ ते २१०. सर्वांत खाली थोरलीची नोंद. मामांनी पान उलटले. डाव्या हाताला एकदम २२३. मध्ये बारा नोंदी नाहीत. सहा आणि सहा बारा, म्हणजे एका पानाच्या दोन बाजू. कारकुनाचा हिशेब चोख होता.

मामा पान पुढे उलटीत, मागे उलटीत राहिले. मग त्यांचा हात थांबला.

लिहिणाऱ्याला जे दिसत नाही ते बांधणाऱ्याला दिसते. पुस्तकाच्या पानाला पोट असते आणि पाठ असते. उजवीकडे दिसते ते पोट, उलटल्यावर डावीकडे येते ती त्याच पानाची पाठ. २१० पोटावर संपला होता. मग २११ त्याच पानाच्या पाठीवर हवा. पुढचे पान हरवले असते, तरी या पानाची स्वतःची पाठ कोठे जाईल? पान हरवते तेव्हा दोन्ही अंगांनी हरवते. पोट शिल्लक आणि पाठ बेपत्ता, असे पान जगात नसते.

त्यांनी ते पान चिमटीत धरले. ते जाड होते. एका पानाला असावे त्याहून जाड. दोन पानांना असावे तेवढे जाड. अडतीस वर्षांपूर्वी एका ओल्या पानाला खळीचा हात देऊन, पुरते वाळण्याआधी, त्यांनी ते दुसऱ्यासह दाबयंत्रात घातले होते. दोन पाने एक होऊन बसली होती. वही सुलटी धरून शिवणाऱ्या कोणालाही आकडे तुटलेले दिसले असते. त्यांनी ती उलटी धरली होती, कारण ती पवित्र होती.

मामांनी वही अलगद मिटली. त्या दिवशी खळ शिजली नाही.

मग ते वर गेले आणि नोंदणीबाईंना सरळ सांगितले, "पान गहाळ नाही. मी चिकटवलं. चूक माझी आहे, तशी लिहून घ्या."

"लिहून कशाला घ्यायचं मामा? पाच महिने राहिलेत तुमचे."

"नोंदणी कचेरीत बसून तुम्ही मला विचारता, लिहायचं कशाला?"

बाई ओशाळल्या, हसल्या आणि त्यांनी लिहून घेतले.

पाने सोडवायला तीन दिवस लागले. कोमट पाण्याने दमट केलेला टीपकागद वर ठेवायचा, घटकाभर थांबायचे, कडेने हाडाची पातळ पट्टी कणभर सरकवायची, पुन्हा थांबायचे. पांढरा गोंद असता तर पाने फाटली असती. पाण्याने जोडते आणि पाण्यानेच सोडते ती खळ. त्या तीन दिवसांत मामांनी वस्तादांची किती वेळा आठवण काढली याची गणती नाही. ज्या माणसाच्या एका शिकवणुकीने ही चूक घडली, त्याच्याच दुसऱ्या शिकवणुकीने ती निस्तरत होती. गुरूचे ऋण असेच असते. त्याचा कोणता शब्द आपल्याला केव्हा तारील, हे त्यालाही ठाऊक नसते.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाने सुटली आणि मामांच्या तोंडून नुसता "अहाहा" निघाला. त्या वहीतली बाकीची शाई उजेडाने आणि वाऱ्याने विटून फिकट पिवळट झाली होती. या दोन पृष्ठांना अडतीस वर्षे ना उजेड लागला होता ना वारा. काही ओळी समोरच्या पृष्ठावर उलट्या उमटल्या होत्या, एकदोन ठिकाणी पान खरवडले होते. पण शाई गर्द निळी होती, काल लिहावी तशी. पहिली ओळ, क्रमांक २११. मामांनी ती वाचली नाही. वही झाकली आणि आजींना निरोप पाठवला. पहिल्यांदा कोणी वाचायची हे त्यांना पक्के ठाऊक होते.

मायलेकी आल्या तेव्हा खिडकीतून ऊन टेबलावर पडले होते. मामांनी आधी हात जोडले.

"आजी, पान हरवलं नव्हतं. माझ्या हातून चिकटलं होतं. तुम्ही तीनदा आलात आणि तीनदा रिकाम्या गेलात त्या माझ्यामुळे. वर मी आकाशाच्या गोष्टी सांगितल्या."

मामांनी वही सुलटी त्यांच्यासमोर सरकवली. आजी इतक्या वाकल्या की नाक कागदाला टेकले. थोरलीच्या पृष्ठावरची पुसट शाई त्यांना दिसेना. तेथे नुसता धूसर कागद. मग मामांनी पान उलटले. निळे अक्षर त्यांच्या डोळ्यांना सापडले. त्यांनी बोट ठेवले आणि एकेक अक्षर लावीत, शाळेतल्या मुलीसारखे, आपल्या लेकीचे नाव मोठ्याने वाचले.

ते नाव मी येथे लिहीत नाही. ते जेथे असायला हवे तेथे आहे.

भूगोल शिकवणारी लेक मागे उभी होती. तिने ओळ वाचली. वडिलांचे नाव वाचले, दिनांक वाचला, तिचाच. आणि शेवटच्या रकान्यातला शेरा वाचला: जुळ्यांपैकी दुसरी, अकरा तास. तिने ते पान उलटून स्वतःचे नाव पाहिले, पुन्हा उलटून बहिणीचे पाहिले. असे तिने तीनचार वेळा केले.

"पान फाडशील," आजी म्हणाल्या. "मोठ्या कष्टानं सोडवलंय त्यांनी."

लेकीने आईच्या खांद्यावर डोके टेकले. "आई, कान कुठला म्हणालीस?"

"डावा. पाठची ती तुझी. सांगेन सगळं घरी गेल्यावर, आता ऐकणार असशील तर."

मग आजी मामांकडे वळल्या. मामा अजून हात जोडूनच उभे होते.

"मामा, हात सोडा, अवघडतील. मी कारखान्यात तीस वर्षं काजे केली. चुकलेलं काज उसवणारे लाखात एक असतात. बाकीचे वर बटण लावून मोकळे होतात. आणि एक सांगू? हे पान उघडं राहिलं असतं ना, तर याचीही शाई त्या पलीकडच्यासारखी उडाली असती. आज मला नुसता कागद दिसला असता. तुम्ही चुकलात म्हणून ती माझ्यासाठी राहिली."

"ही तुमची मोठी समजूत, आजी."

"समजूत नाही हो, दृष्टी. थोडी आहे अजून."

बाकीच्या अकरा नोंदींतल्या माणसांचेही पुढे शोध लागले. त्यांतला एक वाहनचालक निघाला. त्याची नोंद न सापडल्याने नोकरीत त्याचे वय अंदाजाने लावले होते. तो तळघरात येऊन म्हणाला, "म्हणजे मला एक वर्ष आधीच म्हातारा केलंत की!" आणि मामांना मिठी मारून गेला. घरी पत्नीने साड्यांखालचे शाबासकीचे पत्र काढून पाहिले आणि म्हणाली, "हे परत द्यायचं का हो?" मामा म्हणाले, "राहू दे. त्याच्या पाठीवर ही चूक लिहून ठेव." तिने खरोखरच लिहिली, आणि खाली आपली सहीही ठोकली.

उरलेले महिने मामांनी एकच काम केले. पाण्यात भिजलेली प्रत्येक वही त्यांनी सुलटी उघडली आणि पहिल्या क्रमांकापासून शेवटच्यापर्यंत वाचली. घाईने नव्हे, प्रत्येक नाव ओठांनी हलकेच उच्चारून. आणखी दोन ठिकाणी चिकटलेली पाने मिळाली. मी त्यांना विचारले, इतक्या वर्षांचा नेम मोडताना मनाला काय वाटले? त्यांनी दोऱ्याला मेण लावता लावता सांगितले, "वस्ताद म्हणायचे, छायेत डोकावू नये. बरोबरच होतं. पण कुणाचं तरी कुणीतरी त्या छायेत बुडालेलं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आकाशात सगळं लिहिलेलं आहे यावर माझा आजही विश्वास आहे. उलट जास्तच आहे. त्या म्हातारीच्या तोंडून तिथूनच मला बोलावणं आलं, असंच मी धरतो."

उन्हाळा संपला. आजींची दृष्टी गेली, वैद्यांनी सांगितले होते तशीच. मामांच्या निवृत्तीच्या दिवशी खिडकीबाहेर कापडी बुटांची ती पावले पुन्हा थांबली आणि शेजारची पावले या वेळी आपण होऊन सावकाश चालत होती. आजींनी मामांसाठी एक सदरा आणला होता. न पाहता, बोटांनी चाचपून, त्यांनी स्वतः त्याची सहा काजे केली होती. पाच अगदी रेषेत; सहावे जरासे तिरपे.

"ते उसवू का?" लेकीने विचारले होते म्हणे.

"राहू दे," आजी म्हणाल्या होत्या, "त्यांना कळेल."

मामांनी तो सदरा माझ्यासमोर उलगडून दाखवला. तिरप्या काजावर त्यांनी बोट ठेवले, आणि बराच वेळ ते तेथून उचलले नाही.